खंडेनवमीला काढलेली वायर

आमच्या घरातलं मशीन बिघडवल्याचा आळ ज्या माणसावर आला, त्यानं ते बिघडवलं नव्हतं. ते मी बिघडवलं होतं. हे कबूल करायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. ज्यांना सांगायचं त्यांना आता सांगून झालं आहे, तरी लिहून ठेवतो आहे, कारण तोंडी सांगताना दोन-तीन गोष्टी मी माझ्या सोयीनं गाळल्या, हे नंतर लक्षात आलं.

तो माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका बोळात त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तो पन्नाशीला आलेला आहे. त्याचं काम असं, की लोक आपल्या मशीनचा पासवर्ड त्याच्या हातात देतात आणि बाहेर जाऊन चहा पितात. अशा धंद्यात माणसाजवळ नाव सोडून दुसरं भांडवल नसतं. ते माझ्या एका शब्दानं गेलं.

मी पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. मूळचा मैंदर्गीकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी. सोळाव्या वर्षी सोलापुरात आलो, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात लागलो आणि जॉबर म्हणून निवृत्त झालो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. या कॉम्प्युटरवाल्याचा बाप माझ्याच खात्यात माग चालवायचा. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. त्याचा बाप माझ्याशी भांडायचासुद्धा तेलुगूत, आणि मी उत्तर कानडीत द्यायचो. दोघांनाही सगळं समजायचं.

मशीन सुनेचं. ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी टॉवेलवरची डिझाइनं काढते. पूर्वी इथंच राहून काढायची. मुलाची बदली पुण्याला झाली तेव्हा तीही गेली, मशीन मात्र इथंच राहिलं. ते कारखान्यानं दिलेलं, आणि ते सोलापुरातच राहील अशी त्यांची अट. त्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याच्या पेराएवढी एक किल्ली खोचलेली आहे. ती असेल तरच डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतं. म्हणून सून पुण्यात बसून आपल्या लॅपटॉपवरून या मशीनमध्ये लॉगिन करते आणि काम करते. आठवड्यातून एकदा कारखान्याचा माणूस येतो, मशीनला पेन ड्राइव्ह लावतो, आणि तयार झालेलं डिझाइन त्यात भरून नेतो. स्क्रीन सुनेनं पुण्याला नेली. त्यामुळे आमच्याकडे फक्त एक काळा डबा उरला. बायकोचं शिलाई मशीन जिथं असायचं त्या जागेवर, इन्व्हर्टरच्या सॉकेटला जोडलेला. चोवीस तास चालू. डब्यातल्या पंख्याचा आवाज चढला की मी समजायचो, सून कामाला बसली.

एकदा उन्हाळ्यात डबा फार तापला म्हणून मी तो बंद केला होता. सुनेचं दिवसभराचं काम अडलं. ती रागावली नाही, पण पुढच्या खेपेला आली तेव्हा तिनं डब्यावर कागद चिकटवला: बंद करू नये, वायर काढू नये. मुलानं फोनवर विषय काढला की अण्णा आता विसरतात, त्यांना पुण्याला आणू या. त्यानंतर दर महिन्याला हा विषय निघायचा. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. मी दोनदा राहून आलो. तिथं माझं काही वाईट झालं नाही. पण सकाळी उठून करायचं काय, हे मला दोन्ही वेळा सापडलं नव्हतं.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आठ दिवस आधी मीच कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पंखा घरघर करत होता. त्यानं डबा उघडला, ब्रशनं धूळ झाडली आणि पंख्यात थेंबभर तेल सोडलं. त्याच्याकडे चुन्याची एक जुनी डबी आहे, तीत तो स्क्रू ठेवतो. स्क्रू परत पिळता पिळता तो म्हणाला की आतली लहान बॅटरी गेली आहे. बटणाएवढी असते, मशीनचं घड्याळ तिच्यावर चालतं. इन्व्हर्टरची वीज आहे तोवर काही होणार नाही. "फक्त वायर काढू नका काका. मी दिवाळीच्या आत बॅटरी आणून बसवतो."

मी बरं म्हटलं. चहा केला. चहा पिताना त्याला पुण्याचं सगळं सांगितलं: सुनेचा कागद, मुलाचे फोन, चौथा मजला. तो म्हणाला, "कागद लावला म्हणजे तुम्हाला गिरणीतल्या नव्या पोरासारखं केलं की." आम्ही दोघं हसलो. हे चहाचं बोलणं मी पहिल्या दोन वेळा सांगताना गाळलं होतं.

आता खंडेनवमीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मी जे केलं ते वेडेपणाचं वाटेल.

आमच्या खात्यात नवमीच्या दुपारी मेन खाली घेत. माग पुसायचे, रॉकेलच्या बोळ्यानं जुनं वंगण काढायचं, हळदी-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या मागाला वीज द्यायची नाही. वर्षभर ज्या खात्यात कानठळ्या बसायच्या, तिथं त्या दुपारी चिमण्या ऐकू यायच्या. आणि जॉबरचा एक वेगळा नियम होता. तो वर्षाचे सगळे दिवस लागू. फ्यूज आपल्या खिशात असल्याशिवाय मागाला हात लावायचा नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कुणीतरी ते चालू करतं. माझ्या शेजारच्या मागावर एकाची दोन बोटं तशीच गेली होती. मी निवृत्त होईपर्यंत फ्यूज खिशात घेऊनच काम केलं.

त्या नवमीला सुनेला दोन दिवस सुट्टी होती. डब्याचा पंखा मंद फिरत होता. घरात दुसरं मशीन म्हणावं असं काही नव्हतं. मला वाटलं, हेच आता या घराचं पोट चालवतं, याची पूजा राहू नये. मी बटण दाबलं, दिवा विझेपर्यंत थांबलो, आणि मग सॉकेटमधली वायर ओढून काढली. कागद माझ्या डोळ्यासमोर होता. बॅटरीचं बोलणंही आठवत होतं, अगदी शब्दन् शब्द. तरी हाताला वायर काढल्याशिवाय पुढं जाताच येईना. एका रात्रीनं काय होतंय, असं मनाला सांगितलं. डबा पुसला, कुंकू लावलं, झेंडूची दोन फुलं ठेवली. दसऱ्याला सकाळी अंघोळ करून वायर लावली, बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला. मी नमस्कार केला. फुलं काढली, समोरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. पुसलं, याचा अर्थ आपण काही चुकीचं केलं हे मला तेव्हाच माहीत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुनेचा फोन आला. लॉगिन होत नव्हतं.

"अण्णा, मशीन चालू आहे ना?"

चालू होतं. मी तसं सांगितलं. हिरवा दिवा आहे, पंखा फिरतोय. ते खरंच होतं, त्यामुळे सांगताना जीभ अडली नाही. तिनं राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मी केलं. नेटची निळी केबल काढून परत खोचायला सांगितलं, तेही केलं. दर वेळी ती तिकडून पुन्हा प्रयत्न करायची, आणि मी फोन कानाला लावून तिच्या बोटांचा टकटक आवाज ऐकायचो. मग ती म्हणायची, नाही. तिच्या स्क्रीनवर येत होतं की समोरच्या मशीनची खात्री पटत नाही, जोडता येणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला कारखान्याचा माणूस डिझाइन न्यायला येणार होता. रात्रपाळीला नमुना विणून दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. दिवाळीनंतरचं मोठं काम त्या नमुन्यावर अवलंबून होतं. डिझाइन जवळजवळ तयार होतं, पण या डब्यात. दहाच्या सुमाराला तिचा आवाज बदलला. तिनं विचारलं की मधल्या दोन दिवसांत लाईट गेली होती का, कुणी आलं होतं का, मशीन कुणी उघडलं होतं का.

मी म्हटलं, दहा दिवसांपूर्वी कॉम्प्युटरवाला येऊन गेला. पंखा साफ केला.

हेही खरं होतं. पण मी ते कशासाठी सांगितलं, हे मला ठाऊक आहे.

 सुनेचं आणि त्याचं महिन्याभरापूर्वी थोडं वाजलं होतं. तिनं त्याला कळवलं होतं की इथून पुढं मशीनचं सगळं पुण्यातली एक मैत्रीण लांबूनच बघेल, तुम्हाला यायची गरज पडणार नाही. तो म्हणाला होता की ताई, लांबून धूळ निघत नाही. तिला ते लागलं होतं. आणि मशीनचा मुख्य पासवर्ड तिच्याखेरीज फक्त त्याच्याकडे होता.

साडेअकरापर्यंत तिनं मैत्रिणीलाही फोनवर घेतलं. दोघींनी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहिला. शेवटी मशीननं फार चुका झाल्या म्हणून खातंच कुलूपबंद केलं. मग सून म्हणाली, "त्यांनाच बोलवा अण्णा. त्यांनीच काहीतरी केलंय, त्यांनाच काढता येईल."

तो दीडच्या सुमाराला आला. स्कूटरच्या पायदानावर एक छोटी स्क्रीन चादरीत गुंडाळून आणली होती. दारातच त्यानं विचारलं की काका, जेवलात का. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. त्यानं खाली बैठक मारली, स्क्रीन डब्याला जोडली. फोन स्पीकरवर ठेवून मी स्टुलावर बसलो. सून तिकडून ऐकत होती.

स्क्रीन उजळली. कोपऱ्यात तारीख होती. कित्येक वर्षं मागची, एक जानेवारी. तो नुसता "हं" म्हणाला. मग फोनकडे तोंड करून त्यानं सुनेला समजावलं. घड्याळ मागं गेलंय. हे मशीन बनलं त्या सालात जाऊन बसलंय. तुमच्या लॅपटॉपला जो परवाना दिलाय तो या मशीनच्या मतानं अजून निघालेलाच नाही, मग ते तुम्हाला आत कसं घेईल. घड्याळ लावलं की झालं.

खरं तर तिथं सगळं संपायला हवं होतं. पण सुनेनं विचारलं की घड्याळ मागं जातं कसं.

आतली बॅटरी गेलीय, तो म्हणाला. दहा दिवसांपूर्वीच बघितली होती.

"मग आठ दिवस मशीन नीट चाललं ते कसं? सुट्टीच्या आदल्या दिवसापर्यंत मी काम केलंय."

"वायर लावलेली असली की चालतं ताई. वायर काढली तरच घड्याळ जातं."

"इथं वायर कोण काढणार?"

त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत काही आरोप नव्हता. एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं त्यानं विचारलं, "काका, वायर काढली होती का?"

मी म्हणालो, "न्हाय. म्या हात न्हाय लावला."

मला दुसरं काहीही म्हणता आलं असतं. इन्व्हर्टर बंद पडला होता म्हणालो असतो तरी चाललं असतं. ते खोटंच असतं, पण त्या खोट्यानं दोघंही वाचलो असतो. इतकंसुद्धा मला सुचलं नाही. कारखान्यात साहेब येऊन विचारायचा की माग कुणी अडवला, तेव्हा तोंडातून पहिल्यांदा जे निघायचं तेच निघालं. आणि एकदा निघाल्यावर ते परत घेण्याइतका मी मोठा नव्हतो.

तो पुन्हा डब्याकडे वळला. तेव्हा त्याला दिसलं. समोरचा भाग मी पुसला होता, पण वरच्या जाळीच्या फटींत कुंकू बसलं होतं, आणि मागं भिंतीच्या कडेला झेंडूची एक पाकळी पडली होती. त्यानं बोटानं जाळी चाचपली. बोट लाल झालं. नंतर त्याची नजर सॉकेटवर गेली. तो मागकऱ्याचा मुलगा. नवमीला मेन खाली घेतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं, आणि जॉबरच्या खिशातली फ्यूज तर त्यानं लहानपणी माझ्याच खिशात पाहिली होती.

 तो काय बोलतो याची मी वाट पाहत होतो. त्यानं बोट पँटला पुसलं.

"मग माझंच कायतरी चुकलं असंल ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी उघडलं तेव्हा बॅटरी हलली असंल."

सुनेनं लगेच पकडलं. दहा दिवसांपूर्वी हलली आणि परवापर्यंत घड्याळ चाललं, हे कसं? तो म्हणाला, होतं कधीकधी. ती म्हणाली की आधी एक कारण सांगता, मग दुसरं. तुम्हाला काम मिळणार नाही म्हटल्यावर महिन्याभरात हे झालं, आणि पासवर्ड फक्त तुमच्याकडे. ती ओरडली नाही. तिचं बोलणं ऑफिसातल्यासारखं सरळ होतं, आणि ते जास्त लागणारं होतं. त्यानं एकदाही तिला अडवलं नाही. घड्याळ लावलं, कुलूपबंद खातं उघडलं, आणि तिला म्हणाला, आता करून बघा.

पंख्याचा आवाज चढला. ती आत आली होती. तीन वाजायला आले होते.

तो स्क्रीन चादरीत गुंडाळत होता तेव्हा सून फोनवरच म्हणाली, "झालं एकदाचं. ज्यानं लावलं त्यानंच काढलं." त्यानं ते ऐकलं. मीही ऐकलं. दाराशी त्यानं पायात चप्पल घातली आणि मला हळू आवाजात म्हणाला, "तेवढी पाकळी उचला काका." मी त्याला चहाही विचारला नाही.

पाचला डिझाइन वेळेवर गेलं. नमुना पसंत पडला. सुनेनं सगळे पासवर्ड बदलले आणि कारखान्याच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं की या माणसानं एक तर मुद्दाम केलं, किंवा त्याला कळत नाही. यातलं काहीही असलं तरी त्याच्या हाती मशीनची किल्ली देऊ नका. तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. तिला मिळालेल्या माहितीवर ती बरोबर होती. माहिती मी दिली होती.

पुढचं मला कारखान्याच्या त्या पेन ड्राइव्हवाल्या माणसाकडून तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. एमआयडीसीत गोष्ट फिरता फिरता वाढली. नाराज होऊन त्यानं बाईचं मशीन लॉक केलं, असं लोक सांगू लागले. आधी कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तोच बघायचा, आता त्याला फक्त प्रिंटर बघायला बोलावत, दर गुरुवारी. तो काम करत असताना ऑफिसातले दोघं त्याच्या मागं उभे राहत. गेटवर आत जाताना आणि बाहेर येताना त्याची पिशवी उघडून बघत.

"नावच पडलंय त्याचं," तो माणूस मला हसत हसत सांगत होता. "स्कूटर दिसली की म्हंत्यात, आलं बघा कुलूपवालं."

मी हसलो. हे दुसरं, जे मी आधी सांगताना गाळलं होतं.

दिवाळीच्या आत बॅटरी घेऊन येतो म्हणाला होता, तसा तो आला नाही. एकदा नवी पेठेत भर गर्दीत समोरासमोर आलो. रिक्षा अडली होती, दोघांनाही हलायला जागा नव्हती. त्यानं तब्येत विचारली. मी गुडघ्याबद्दल सांगितलं, भरपूर सांगितलं. रिक्षा सुटली आणि तो गेला. त्यानंतर मी नवी पेठेत जायचं झालं की मागच्या बाजूनं जायचो. पुण्याला नेण्याचा विषयही मधे थंड पडला होता. मुलगा म्हणायचा, अण्णा मशीन नीट सांभाळतात. हे ऐकून मला जेवण जायचं नाही, अशातला भाग नव्हता. जेवण जायचं. माणूस सगळं पचवतो, हे मला त्या वर्षात कळलं.

या वर्षी नवमीला मुलगा आणि सून इथंच होते. सकाळी सुनेनं झेंडू आणला. मुलाच्या गाडीला माळ घातली, स्वयंपाकघरातल्या मिक्सरला कुंकू लावलं. मग कुंकवाचा करंडा माझ्या हातात देऊन म्हणाली, "अण्णा, सर्व्हरची पूजा तुम्हीच करा. जॉबर तुम्ही." आणि सहज विचारावं तसं, "गेल्या वर्षी केली होती का?"

करंडा हातात घेऊन मी डब्यासमोर उभा होतो. मी म्हणालो, "केली हुती. वायर काढून केली हुती."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, चहाचं आणि हसण्याचं सोडून. बॅटरीचं त्यानं मला बजावलं होतं हे सांगितलं. ती खाटेवर बसली. मुलगा काही बोलायला लागला, तिनं त्याला हातानं थांबवलं.

"मी त्यांना काय काय बोलले त्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"व्हय."

"आता मी मॅनेजरला काय सांगू? माझे सासरे खोटं बोलले?"

"तसंच सांग. न्हायतर मी सांगतो जाऊन."

 तिनं पुण्याचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाली की पुण्याला चला असं मी कधी शिक्षा म्हणून म्हटलं नव्हतं. नंतर उठली आणि म्हणाली, आधी त्यांच्याकडे जा. मॅनेजर नंतर.

मी दसरा झाल्यावर गेलो. जिन्याखाली तो एका लॅपटॉपच्या फटींत फुंकर मारत होता. मी उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर गुडघ्याचं सांगत बसलो असतो. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं, हे तुम्हालाही माहीत होतं. मी विचारलं की मग त्या दिवशी बोलला का नाहीस. तो म्हणाला की वाटलं, एका फोनपुरतं आहे. तुम्हाला उचलून पुण्याला नेतील, त्यापेक्षा माझ्यावर एक दिवसाची शिवी आली तर काय बिघडलं. "एवढं लांब जाईल हे कुठं ठाऊक होतं. आणि मला वाटलं, तुम्ही आठ-पंधरा दिवसांत सांगाल की."

 मी विचारलं, आता काय करू. तो म्हणाला की कामाचं राहू द्या, कामं येतात. पण तिथं गेटवर पिशवी उघडतात, ते बंद झालं पाहिजे. मागच्या महिन्यात थोरली मुलगी सोबत होती, तिच्यासमोर उघडली. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, लॅपटॉपचा स्क्रू शोधत होता.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोळीला गेलो. एका कोऱ्या कागदावर घडलं तसं लिहून नेलं होतं, खाली सही केली होती. मॅनेजर चाळिशीचा माणूस, बोलायला सभ्य. कागद वाचून म्हणाला, ठीक आहे आजोबा, मी गेटवर फोन करून सांगतो. मी म्हटलं, फोन कराच, पण जे दोघं त्याच्या मागं उभे राहतात त्यांनाही बोलवा, मला त्यांच्यासमोर सांगायचं आहे. त्याला ते अवघड वाटलं. घड्याळ बघितलं, शेवटी बोलावलं. पेन ड्राइव्हवालाही आला आणि दाराशी उभा राहिला. मी सांगितलं. वायर मी काढली. त्यानं काढू नका म्हणून सांगितलं होतं. मी काढली नाही म्हणून खोटं बोललो, आणि त्यानं मला पाठीशी घातलं.

 मग दाराशी उभा असलेला तो माणूस म्हणाला, "पर अण्णा, त्या दिवशी मी कुलूपवालं म्हटलो, तवा तुमीबी हसला हुता की."

"हसलो हुतो," मी म्हणालो.

मॅनेजरनं गेटला फोन लावला.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा बसनं गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. गेटच्या समोर रस्त्यापलीकडे चहाची गाडी आहे, तिथल्या बाकड्यावर बसलो. अकराच्या सुमाराला त्याची स्कूटर आली. गेटशी थांबून त्यानं पाय टेकला, खांद्यावरची पिशवी पुढं ओढली आणि वॉचमननं सांगायच्या आतच तिची चेन उघडली. वर्षभराची सवय. वॉचमननं नको म्हणून मान हलवली आणि आडवा बांबू वर उचलला. तो क्षणभर तसाच उघडी पिशवी धरून थांबला. मग त्यानं चेन लावली. स्कूटर वळवताना त्याला मी दिसलो. त्यानं हात केला नाही, मीही केला नाही. तो आत गेला.